हाताचा स्क्वीझर की रिव्हेट गन?

व्हॅन्स कंपनीच्या आरव्हीसारखं किटचं विमान घरी बांधायला घेतलं की पत्रे जोडणारे रिव्हेट हजारोंनी मारावे लागतात. पण नटप्लेट (पत्र्याला पक्का बसवलेला नट), ब्रॅकेट, रिबची म्हणजे पंखातल्या फासळीची कड अशा किरकोळ कामांना हवेच्या दाबावर ठोकणारी गन काढायची का?

माझा कौल हाताच्या स्क्वीझरला. जबड्यात रिव्हेट धरा, दांडे दाबा, झालं. आवाज नाही, कॉम्प्रेसर नाही, मदतीला कोणी नको. दाबाची खोली एकदा भंगार पत्र्यावर जुळवली की दबलेल्या टोकाचं प्रत्येक डोकं सारखं येतं: रुंदी व्यासाच्या दीडपट, उंची निम्मी. म्हणजे १/८ इंची रिव्हेटला साधारण ४.८ आणि १.६ मिलिमीटर. त्याच जबड्यात डाय (साचे) बदलून डिंपल, म्हणजे रिव्हेटचं डोकं पत्र्यात बसण्यासाठीचे खळगेही पाडता येतात. एवढंच, की ३/३२ इंची रिव्हेट लोण्यासारखे दबतात, तर १/८ इंची पन्नासेक झाले की मनगट बोलू लागतं. लांब दांड्यांचा घ्या, पैसे वाचवू नका.

त्याची खरी अडचण पोहोचीची. योक (जबड्याची चौकट) तीन इंची असेल तर पत्र्याच्या कडेपासून तेवढंच आत जाता येतं. पंखाच्या मधल्या रिव्हेटसाठी गन आणि बकिंग बारला (रिव्हेटच्या मागे धरायचा जड धातूचा ठोकळा) पर्याय नाही. तिथे बहुधा दोघं लागतात, आणि सेट (गनचं ठोकणारं टोक) जरा तिरका झाला की पत्र्यावर चंद्रकोर उमटते, ती कायमची. लहान रिव्हेटला हवेचा दाब कमी ठेवा.

बिघडलेला रिव्हेट ड्रिलने काढताना भोक मोठं होण्याची भीती दोन्हीकडे सारखीच.