पाय हातात घेऊन बघणारा दवाखाना

टाचेच्या दुखण्यासाठी मी पोडिआट्रिस्टकडे, म्हणजे फक्त पायांचे आजार बघणाऱ्या तज्ज्ञांकडे गेलो. दुसऱ्या खेपेला आईलाही सोबत नेलं. आमच्या दोघांच्या अनुभवावरून हे लिहितोय. दवाखाना मला मनापासून आवडला हे आधीच सांगून टाकतो. माझी टाच बरीच बरी झाली, पण आवडण्याचं मोठं कारण आईची तपासणी आहे. तिला मधुमेह आहे आणि पायांबद्दल तिची कधीच काही तक्रार नव्हती.

मी कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. काँक्रीटच्या फरशीवर, सेफ्टी शूज घालून, अख्खी शिफ्ट उभ्यानं. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा घुसल्यासारखी कळ यायची. थोडं चाललं की ओसरायची, आणि सुट्टीत बसून उठलो की परत सुरू. त्याआधी एका ठिकाणी एक्स-रे काढून ‘टाचेचं हाड वाढलंय’ एवढं सांगून गोळ्या लिहून दिल्या होत्या. माझ्या पायाला तिथे कोणी हातसुद्धा लावला नाही.

इथे डॉक्टर मॅडमनी आधी मोजे काढायला लावले. काम काय, किती वेळ उभं राहावं लागतं, बूट कधी बदलले, वजन अलीकडे वाढलंय का, दुखणं सकाळी जास्त की रात्री, हे सगळं विचारून झाल्यावर पाय मांडीवर घेतला. टाचेच्या पुढच्या-आतल्या कडेला अंगठ्यानं दाबलं तेव्हा मी जवळजवळ उठून बसलो. मग टाच दोन्ही बाजूंनी पंजात धरून आवळली. तसं आवळून दुखलं असतं तर हाडाला बारीक तडा गेल्याचा संशय घ्यावा लागतो, असं त्यांनी करता करता सांगितलं. पायाचा अंगठा वर ओढून पाहिला, गुडघा सरळ आणि मग वाकवून पोटरी किती ताणली जाते ते पाहिलं, अनवाणी चालायला लावलं, एका पायावर चवडा टेकून उभं केलं. दिवसभर मापं घेण्यात आयुष्य जात असल्यामुळे मला लगेच जाणवलं की या बाई अंदाजानं बोलत नाहीत. प्रत्येक गोष्ट कशासाठी बघतोय हे त्यांना ठाऊक होतं.

निदान झालं प्लँटार फॅशियाच्या दुखण्याचं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो, तो टाचेशी जिथे जोडलेला असतो तिथे दुखावतो. एक्स-रेमध्ये दिसणारं वाढलेलं हाड टाच अजिबात दुखत नसलेल्या अनेकांनाही असतं, त्यामुळे उपचार त्या हाडावर करायचे नसतात, हे मला पहिल्यांदाच कोणी तरी नीट समजावलं.

उपचार म्हणून मुख्यतः व्यायाम दिले. अंथरुणातून उतरण्याआधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडे ओढायची, तळव्यातला पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. १० सेकंद धरायचं, १० वेळा, दिवसातून ३ खेपा. दुसरा व्यायाम पायरीच्या कडेवर: बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, ३ सेकंदांत टाच वर, २ सेकंद थांबायचं, ३ सेकंदांत खाली. हा दिवसाआड. नुसता कागद हातात न देता दोन्ही व्यायाम माझ्याकडून समोर करून घेतले आणि दोनदा चूक काढली. मापाचे, खास बनवून घ्यायचे इनसोल लगेच लागतील का, असं मी विचारलं. त्यांनी सरळ नाही म्हटलं. आधी तयार मिळणारे वापरून बघा, टाचदुखीत बहुतेकांचं त्यावर भागतं. स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दलही स्पष्ट बोलल्या: काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, म्हणून ते पहिल्या भेटीचं औषध नाही. बरं व्हायला महिने लागतात, बहुतेक लोक वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, हेही आधीच सांगितलं. खोटी आशा न दाखवणाऱ्या माणसाचं मला नेहमीच कौतुक वाटतं. आज माझं पहिलं पाऊल थोडं आखडलेलं असतं, पण पूर्वीसारखी कळ येत नाही. ओव्हरटाइमच्या दिवशी संध्याकाळी टाच अजून बोलते.

बुटांची तपासणी तर मी आमच्या विभागात शिकवावी अशी होती. मॅडमनी माझ्या सेफ्टी शूजमधला आतला तळ बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि त्यावर अनवाणी उभं राहायला सांगितलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ कडेच्या बाहेर! लांबी बरोबर होती, रुंदी कमी. करंगळीवरचं कुरूप कुठून आलं याचा उलगडा त्याच क्षणी झाला. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. दोन्ही पाय मोजावेत, मोठ्या पायाचं माप धरावं, आणि सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. ते बोट दर वेळी अंगठाच असेल असंही नाही.

आता आईबद्दल.

तिला घेऊन जाण्याचं निमित्त मॅडमच्याच एका प्रश्नाचं. घरात कोणाला मधुमेह आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मी हो म्हटल्यावर म्हणाल्या, ‘वर्षातून एकदा तरी पाय दाखवायलाच हवेत, काही होत नसलं तरी.’ आई यायला तयार नव्हती. दुखत नाही तर दाखवायचं काय, हा तिचा मुद्दा. येऊन बसली तेव्हासुद्धा पर्स मांडीवर घट्ट धरून होती.

तपासणीला एक नायलॉनचा जाडसर धागा वापरतात, मोनोफिलामेंट. तो कातडीवर टेकवून दाबला की १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो, म्हणजे दर वेळी दाब तेवढाच पडतो. आधी तो आईच्या दंडाला लावून दाखवला, कसं वाटतं ते कळावं म्हणून. मग, ‘काकू, डोळे मिटा, जिथे कळेल तिथे हो म्हणा.’ डाव्या पायाच्या अंगठ्यावर हो. चवड्यावर हो. उजव्या पायाला धागा लागला, वाकला, उचलला. आई गप्प. पुढच्या जागी लागला, वाकला. आई गप्पच, चेहरा अगदी शांत, पुढचा स्पर्श कधी होतोय याची वाट बघत असलेली. मी समोर उभा राहून तो धागा वाकताना बघत होतो आणि तिला तो लागलेलाच नव्हता. मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगता येत नाही.

त्यानंतर १२८ हर्ट्झचा कंपनकाटा (ठोकला की थरथरत राहणारा धातूचा काटा) अंगठ्याच्या हाडावर टेकवला, कंपन थांबल्याचं तिला उजवीकडे फार लवकर वाटलं. उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा होता. तो घरात सगळ्यांना माहीत होता, वयाचं म्हणून सोडून दिलेला. मॅडमनी शस्त्रानं त्याचे पापुद्रे एकेक करून काढले. रक्ताचा थेंब नाही, आई मजेत गप्पा मारत होती. वरचा पिवळट थर गेल्यावर खाली एक तपकिरी-काळा ठिपका दिसला. आत साकळलेलं रक्त. घट्ट्याच्या दाबानं खालची कातडी आतून फाटायला लागली होती, आणखी काही काळ गेला असता तर तिथे उघडी जखम झाली असती. दुखलं का नाही, याचं उत्तर त्या धाग्यानं आधीच दिलेलं होतं.

रक्तपुरवठ्याचीही तपासणी झाली. पावलाच्या वर आणि घोट्याच्या मागे नाडी हातानं बघून मग डॉपलरवर, म्हणजे रक्त वाहण्याचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रावर, ऐकली. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात, ०.९ किंवा त्याखाली आलं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा संशय घेतात. आईचा आकडा चांगला आला. तरी मॅडमनी जास्तीची खात्री म्हणून पायाच्या बोटाचा रक्तदाब मोजला, कारण जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होऊन घोट्याचा आकडा खोटा चांगला येऊ शकतो. आकडा चांगला दिसला म्हणून लगेच सही न करणारे लोक मला माझ्या कामातही क्वचित भेटतात.

घट्ट्याभोवती फेल्टची गादी लावली, म्हणजे त्या जागेवर भार येणार नाही. पुढं बोटांना ऐसपैस जागा असलेले, आत शिवण न टोचणारे बूट सांगितले आणि लवकरच परत बोलावलं. घरी करायचं ते असं: रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरशात किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाकडून, बुटात पाय घालण्याआधी हात घालून बघायचा, कोरड्या टाचांना युरिया असलेलं क्रीम, पण बोटांच्या बेचक्यांत ते लावायचं नाही, पाणी गरम आहे का ते पायानं न तपासता कोपरानं, अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. कुरूप काढायचे औषधी पॅच आई आणणार होती, त्यांना सक्त मनाई. त्यातल्या आम्लाला कुरूप आणि चांगली कातडी यांतला फरक कळत नाही, आणि आईला भाजल्याचंही कळणार नाही.

मला सगळ्यात कामाची वाटलेली सूचना तापमानाची. दोन्ही पावलांच्या त्याच जागेचं तापमान तुलनेनं मोजायचं. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून जास्त गरम असेल आणि तसंच राहिलं तर चालणं कमी करून दाखवायला यायचं. मधुमेहात संवेदना गेलेला पाय अचानक गरम, लाल, सुजलेला झाला, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. शारको नावाच्या आजारात पायाची हाडं आतल्या आत मोडत जातात आणि माणूस त्यावर चालत राहतो.

आता खटकलेल्या गोष्टी. दवाखान्याच्या दाराशी पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. पायांच्या दवाखान्यात हे चालणार नाही, मी तिथे लिहूनही दिलं आहे. वेळ ठरवून गेलो तरी बराच वेळ बसावं लागलं, अर्थात आत गेल्यावर कोणाला घाई केलेली दिसली नाही. हातात दिलेला कागद इतक्या बारीक अक्षरांत की आईला वाचता येईना. मी घरी मोठ्या अक्षरांत उतरवून कपाटावर लावला. आणि एक गोष्ट मनाला लागली. मॅडम आईच्या पायांबद्दल सुरुवातीला सगळं मला सांगत होत्या. आईच शेवटी म्हणाली, ‘पाय माझे आहेत, मला सांगा.’ त्यांनी लगेच खुर्ची तिच्याकडे वळवली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, ही त्यांच्या बाजूची गोष्ट.

माझ्याबरोबर काम करणारा एक मुलगा मांसात घुसलेल्या नखासाठी तिथेच जाऊन आला. पू झाला होता. बोट बधिर करून नखाची कडेची पट्टी काढली आणि मुळाशी फिनॉल नावाचं रसायन लावलं, म्हणजे ती कड पुन्हा उगवणार नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत, हे आता तो सगळ्यांना सांगत फिरतो.

प्रत्येक गोष्टीसाठी तिथे धावायची गरज नाही. निरोगी माणसाच्या साध्या भेगा, थोडा घट्टा, नव्या बुटाचा फोड हे घरी बरं होतं. टाच किंवा चवडा दोन आठवडे काळजी घेऊनही सुधारत नसेल, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मधे खडा अडकल्यासारखं वाटत असेल, पावलात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर दाखवा. नख जाड-पिवळं झालं तर आधी त्याचा नमुना तपासून घ्या, सगळीच तशी नखं बुरशीची नसतात आणि बुरशीच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. तळव्यावरचं कुरूप चिमटीत धरल्यावर जास्त दुखत असेल आणि त्यात काळे बारीक ठिपके दिसत असतील तर ती चामखीळ असू शकते, ब्लेड लावू नका. नखाखाली काळी रेघ आली, ती रुंद होत चालली किंवा काळेपणा नखाभोवतीच्या कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवा. पाय एकाएकी गार पडून पांढरा किंवा निळा झाला, लाली वर चढत ताप आला, मार लागल्यावर चार पावलंही टाकता येईनात, तर पोडिआट्रिस्टची वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालयात जा. मधुमेह असेल तर पायावरची कुठलीही उघडी जखम त्याच दिवशी दाखवायची.

जाताना रोज वापरायचे बूट सोबत न्या, नवे नकोत. बुटांची झीज डॉक्टरांना बघायची असते. नखांना रंग लावून जाऊ नका. चालू औषधांची यादी, मधुमेहाचे ताजे रिपोर्ट आणि गुडघ्यापर्यंत सहज वर जाईल असा कपडा असू द्या. घरात मधुमेह असलेलं कोणी असेल, तर आपली टाच दाखवायला जाताना त्यांचीही वेळ घेऊन टाका.