कॅम्पसवर गस्त घोड्यावरून की सायकलवरून?

बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ एका कुंपणात मावत नाही. सयाजीगंज, प्रतापगंज, फतेहगंज, मधून शहराचे वाहते रस्ते, आणि अभियांत्रिकी शाखेचं कलाभवन तर पार राजमहाल रोडला. रोजच्या गस्तीला इथे सायकलच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. घोडा बोलवावा तो पदवीदान, निवडणूक अशा गर्दीच्या दिवशी, तोही पोलिसांच्या अश्वदलाकडून. स्वतःची पागा बांधू नये.

घोड्याची ताकद उंचीत आहे. स्वाराची नजर जमिनीपासून अडीच मीटरवर असते, त्यामुळे रेटारेटी कुठे सुरू झाली ते त्याला आधी दिसतं. घोडा आडवा सरकला की माणसं आपणहून मागे होतात, कुणाला हात लावावा लागत नाही. १९३२मध्ये बंद झालेलं अश्वदल मुंबई पोलिसांनी २०२०मध्ये पुन्हा उभं केलं, तेही गर्दी सांभाळायलाच.

पण पागा म्हणजे चोवीस तासांचा संसार. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज ८ ते १० किलो चारा-चंदी (चंदी म्हणजे दाणा) आणि ३०-४० लिटर पाणी लागतं, वैशाखात त्याहून बरंच जास्त. खरारा, खूर साफ करणं, लीद काढणं यासाठी मोतद्दार हवा. दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल ठोकणारा नालबंद हवा. चंदी एकदम वाढवली तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी होत नसल्याने तो जिवावर बेततो. पावसाळ्यात तबेला ओला राहिला की खुराचा तळ कुजतो. खूर उचलला की काळा, घाण वासाचा चिखल दिसतो. गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घसरते, म्हणजे इमारतींच्या आवारात घोडा नेताच येत नाही.

सायकल ताशी १२-१५ किलोमीटर सहज जाते, वसतिगृहामागच्या बोळात शिरते आणि आवाज करत नाही. फक्त पायडल थांबवलं की मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलची टिकटिक रात्री दूरवर ऐकू जाते. म्हणून पार्किंगजवळ पोचताना पायडल हलकं फिरवत राहायचं. संशयिताला थांबवायचं असेल तर उतरून सायकल मध्ये आडवी धरायची. गर्दी रोखायला मात्र एकटा सायकलस्वार पुरत नाही, तिथे चौघं-पाचजण सायकली ओळीने आडव्या लावून उभे करावे लागतात.

इथला नेहमीचा शत्रू बाभळीचा काटा. नुसती ट्यूब बदलून चालत नाही. टायरच्या आतून फडकं फिरवून काट्याचं टोक शोधून काढायचं, नाहीतर नवी ट्यूब त्याच जागी पंक्चर होते. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच भरायची. पावसात भिजलेली चेन आधी पुसायची, मग तेल.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, दोन्ही वाहनं धोक्यात असतात. मांजा सायकलस्वाराच्या गळ्याशी येतो आणि घोड्याच्या पायात गुंततो. त्या आठवड्यात सायकलस्वाराला गळपट्टा द्या, मांजा अडवायला हँडलला उभी तार बांधा, आणि घोडा बोलवूच नका.