अजिंठा: पुस्तकातला आणि लेण्यातला

कलेच्या इतिहासाचा अभ्यास मी छायाचित्रांवरून सुरू केला. पुस्तकात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, भिंतीवर रंगवलेला कमळधारी बोधिसत्त्व, उजळ दिसतो. मुकुटाची नक्षी न्याहाळता येते, पान उलटून १७व्या लेण्यातल्या चित्रांशी ताडता येते. परीक्षेपुरतं ते पुष्कळ.

लेण्यात आधी अंधार भेटतो. डोळे सरावले की हळूहळू ती झुकलेली नजर, हातातलं कमळ उमटतं. पोपडे गेलेत तिथे मातीचा गिलावा उघडा पडलाय; वाळलेल्या गिलाव्यावर रंग चढवले, हे पाठ केलेलं वाक्य मला तिथे उभं राहून कळलं. शिवाय पद्मपाणी एकटा नाहीच. पलीकडे दुसरा बोधिसत्त्व वज्रपाणी, मधोमध गाभाऱ्यातला बुद्ध. छायाचित्राच्या चौकटीत हे नातंच तुटतं, आणि मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

पुस्तक हवंच. पण मी ते आता परतल्यावर उघडते.