वर्षातून तीनदा होणारी ऑनलाइन गणित टेस्ट: टेस्टला ४ स्टार, रिपोर्टला १

नाशिकला घरीच पाचवी ते आठवीच्या गणिताच्या शिकवण्या घेतो. यंदा १९ पोरांसाठी एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट घेतली, जून, नोव्हेंबर आणि मार्च. नाव टाकत नाही, कारण भांडण टेस्टशी नाहीये, रिपोर्टशी आहे.

आधी चांगलं सांगतो. घटक चाचणीला २० पैकी १८ आणि पुढच्या वेळी १४ पडले तर पोरगं ढिलं पडलं की पेपरच अवघड होता हे कुणाच्या बापाला कळत नाही. इथे प्रत्येक प्रश्न किती अवघड ते आधीच मोजून ठेवलेलं असतं आणि पोरगं अन् प्रश्न एकाच पट्टीवर बसवतात, म्हणून जूनचा आकडा मार्चच्या शेजारी ठेवता येतो. राश मॉडेल म्हणतात याला, गेओर्ग राश नावाच्या डॅनिश गणितज्ञाचं, १९६० मध्ये त्याने पुस्तकात मांडलेलं. पोराची पातळी आणि प्रश्नाची पातळी सारखी असली की उत्तर बरोबर यायचा चान्स निम्मा. बरोबर आलं की पुढचा प्रश्न वरचा, चुकलं की खालचा, त्यामुळे हुशार पोरं पण निम्मे चुकवून रडकुंडीला येऊन उठतात. हे पोरांना आधी सांगून ठेवा, मी नव्हतं सांगितलं.

सहावीतली एक मुलगी, शाळेत कायम ८५ च्या वर, तिला टेस्ट तिन्ही वेळा अपूर्णांकातच अडवत होती. विचारलं तर म्हणे ५/८ हे ३/४ पेक्षा मोठं, "सर, ५ पण मोठा ना आणि ८ पण". माझ्या इतक्या दिवसांत लक्षात नव्हतं आलं.

आता तक्रार. एका पोराचे आकडे २०१, २०९, २०६. रिपोर्टवर ढळढळीत लाल बाण, खाली "घसरण". रात्री साडेनऊला त्याच्या आईचा फोन, "सर, मागे गेला का हो माझा?" त्यांचीच एक्सेल फाइल उघडली तर एका कोपऱ्यातल्या कॉलममध्ये प्रत्येक स्कोअरची प्रमाण त्रुटी ४ (म्हणजे पोरगं तेच असलं तरी आकडा साधारण इतका खाली-वर होऊ शकतो). दोन स्कोअरची वजाबाकी केली की ती साडेपाचच्या पुढे जाते (४ चा वर्ग दोनदा, बेरीज, वर्गमूळ), मग ३ ची घसरण कसली डोंबलाची! आणि हो, त्या हिशोबाने आधीच्या ८ च्या वाढीवर पण पेढे वाटायला नकोत. वर शेवटचे १२ प्रश्न त्याने तीन-चार सेकंदांत उडवलेले, कारण खाली गल्लीत क्रिकेट सुरू झालं होतं. तो वेळेचा कॉलम पण फाइलमध्येच, पालकांच्या पीडीएफमध्ये नाही. कस्टमर केअरला विचारलं तर "सर, ते सिस्टिम जनरेटेड आहे".

पुढच्या वर्षी घेणार परत, पण पीडीएफ घरी पाठवणार नाही. त्या पोराच्या आईला वहीच्या पानावर पेन्सिलने तिन्ही स्कोअरचे, त्रुटी खाली-वर धरून, पट्टे काढून दाखवले, एकमेकांवर चढलेले, तर म्हणाल्या मग लाल बाण छापलाच कशाला? तेच मेल करून कंपनीला विचारलंय, तीन आठवडे झाले.