प्रश्नोत्तराचा तास: तीन अधिवेशनं फॉलो केली, त्याचा अनुभव

आधी हे कशासाठी सुरू केलं ते सांगतो. वडील, म्हणजे अण्णा, साखर कारखान्यातून रिटायर झालेत, ईपीएस ९५ ची (कर्मचारी पेन्शन योजना, १९९५) पेन्शन महिन्याला १,७४० रुपये. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांतच ती संपते. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी 'किमान पेन्शन ७,५०० मंजूर, सर्वांचे अभिनंदन' असा मेसेज येतो, अण्णा तो मला दाखवतात आणि मी म्हणतो खोटं आहे, असं चालायचं. मग ठरवलं की सरकार संसदेत काय लिहून देतंय तेच थेट वाचायचं. हिवाळी, बजेट आणि पावसाळी अशी तीन अधिवेशनं झाली.

सुरुवातीला तारांकित-अतारांकितमध्येच डोकं फिरलं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित, नंबर लॉटरीने लागतात. तारांकितला मंत्री उभं राहून उत्तर देतात आणि खासदाराला लगेच उपप्रश्न विचारता येतो, अतारांकितचं नुसतं लेखी उत्तर पटलावर. आता २० वाचून वाटतं वा, पण तास एकच, ११ ते १२, त्यात चार-पाच प्रश्न झाले तरी खूप. आपला विषय सतराव्या नंबरला असला की समजायचं, टीव्हीसमोर बसण्यात अर्थ नाही. आणि गोंधळ होऊन सभागृह तहकूब झालं तर तारांकितचंही लेखीच उत्तर हातात. मी दोनदा ऑफिसातून हाफ डे काढून बसलो, दोन्ही वेळा घोषणा आणि तहकुबी. त्यानंतर लाइव्ह बघणं बंद, फक्त लेखी उत्तरांच्या पीडीएफ.

पीडीएफ हाच खरा माल आहे. ही पेन्शन कामगार मंत्रालयाकडे येते, त्यांची उत्तरं लोकसभेत मी बघितली तेव्हा सोमवारी यायची, त्यामुळे सोमवारी रात्री जेवण झालं की मी आणि अण्णा मोबाईल घेऊन बसायचो. उत्तरं इंग्रजीत नाहीतर हिंदीत, मराठीत नाही, म्हणजे मी वाचणार आणि अण्णांना सांगणार.

आता खरी गंमत. प्रश्नाचे चार-पाच भाग असतात: किमान पेन्शन वाढवण्याचा प्रस्ताव आहे का, असल्यास तपशील काय, कधीपर्यंत होणार, नसल्यास कारणं काय. उत्तरात मात्र '(क) ते (घ)' असं एकत्र बांधून एकच लांबलचक निबंध. पेन्शन फंडात मालकाचे पगाराच्या ८.३३ टक्के, सरकारचे १.१६ टक्के, तेही १५,००० पर्यंतच्या पगारावर, फंडात तूट आहे, निवेदनं मिळाली आहेत. संपलं. पहिल्यांदा मला वाटलं केवढं सविस्तर उत्तर दिलंय! मग अण्णांनी प्रिंट काढायला लावली, पेन्सिल घेतली आणि कारखान्यात मालाची चलनं टॅली करायचे तसं प्रत्येक वाक्यासमोर हे कुठल्या भागाचं उत्तर ते लिहीत गेले. 'कधीपर्यंत' समोर काहीच आलं नाही. पुढच्या अधिवेशनातलं उत्तर शेजारी ठेवलं तर अर्ध्याहून जास्त वाक्यं तीच, पण तरी 'कधीपर्यंत' समोर पुन्हा कोरंच.

राज्याच्या विधिमंडळातली उत्तरं तरी वाचायला मजा येते, 'हे खरे आहे काय', 'हे अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. अण्णा आता घरात पण तसंच बोलतात. आईने विचारलं साखर आणली का, तर म्हणे अंशतः खरे आहे.

अजून एक शिकलो. मंत्र्यांनी 'माहिती गोळा करतोय', 'विचाराधीन आहे' असं काही म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला आश्वासन समिती आहे. हे कळल्यावर 'निवेदनं मिळाली आहेत' हे वाक्य का इतकं आवडतं ते लक्षात आलं, कारण माझ्या मते त्यात कबूल असं काहीच केलेलं नसतं.

समित्यांचं काम मला जास्त ठोस वाटलं. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान पेन्शन ३,००० करायची शिफारस केली होती, अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, हो हो, तेच आपले माजी राज्यपाल. सप्टेंबर २०१४ पासून मिळाले १,०००. त्यानंतर बुलढाण्यात पेन्शनर लोकांचं साखळी उपोषण सुरू झालं, ते सगळं आलंच.

प्रश्न विचारून काही होतच नाही असंही नाही. मुंदडा प्रकरणात, म्हणजे उद्योगपती हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत घातलेल्या एलआयसीच्या पैशाची चौकशी १९५७ मध्ये लोकसभेतल्या प्रश्नांमुळेच लागली, छगला आयोग बसला आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. पण तिथे फिरोज गांधींसारखा खासदार कागद घेऊन हात धुऊन मागे लागला होता. आमच्या भागातल्या खासदारांच्या पीएला मी तयार प्रश्न टाइप करून पाठवला, १५० शब्दांत बसवून, नोटीस किमान १५ दिवस आधी लागते हे पण लिहिलं. 'टाकू टाकू' म्हणाले. अधिवेशन संपलं.

रेटिंग द्यायचं तर तारांकितला, उपप्रश्न होईपर्यंत पोचला तर, चार तारे, कारण तिथे मंत्र्यांना वाचून दाखवण्याच्या बाहेर यावं लागतं. अतारांकितला अडीच. अर्धा तारा जास्त दिलाय तो व्हॉट्सअॅपसाठी, कारण आता ग्रुपवर ७,५०० चा मेसेज आला की अण्णा स्वतः ताज्या उत्तराची पीडीएफ टाकतात आणि खाली लिहितात, 'हे खरे नाही.' पुढच्या अधिवेशनासाठी प्रश्न परत टाइप करून ठेवलाय, या वेळी एकच भाग ठेवलाय, 'कधीपर्यंत', आणि दुसऱ्या एका खासदाराच्या ऑफिसला पाठवणार आहे.