स्लॅबवरचा नंबर खरा, आतला जॅकी रॉबिन्सन खोटा

अमेरिकेत राहून जुनी बेसबॉल कार्डं जमवणाऱ्या, किंवा मुलांच्या नादाने नुकत्याच या छंदात पडलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहिते आहे. ग्रेडिंग झालेलं, म्हणजे एखाद्या कंपनीने खरेपणा आणि स्थिती तपासून १ ते १० पैकी ग्रेड दिलेलं, प्लास्टिकच्या बंद डबीतलं, म्हणजे स्लॅबमधलं कार्ड घ्यायचं, त्यावरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघायचा, आणि जुळला की निर्धास्त व्हायचं, असं आपल्यातले बरेच जण करतात. माझी फसवणूक याच भरवशावर झाली. नंबर मी तपासला होता आणि तो जुळलाही होता.

कार्ड जॅकी रॉबिन्सनचं, टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातलं, क्रमांक ३१२. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स या संघाकडून रॉबिन्सन मैदानात उतरला आणि मेजर लीगचं, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेचं, कृष्णवर्णीयांना बंद असलेलं दार उघडलं. त्याच्याबद्दल वाचताना मला दर वेळी दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळूंची आठवण येते. हा माणूस पुण्यात इंग्रजांना बाद करत होता, पण त्याला चहा मिळायचा तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. म्हणून मला हेच कार्ड हवं होतं. पुढे विकून नफा कमवायचा विचारही नव्हता.

हा संच ४०७ कार्डांचा. त्यातली ३११ पासून पुढची कार्डं बाजारात उशिरा आली, तोवर बेसबॉलचा हंगाम सरत आला होता, आणि बराच माल पडून राहिला. टॉप्सच्या साय बर्गर यांनी पुढे सांगितलं, की उरलेली खोकी १९६० मध्ये त्यांनी बोटीने नेऊन अटलांटिक महासागरात टाकून दिली. त्यामुळे ही कार्डं दुर्मिळ झाली. रॉबिन्सनच्या शेजारचं ३११ क्रमांकाचं मिकी मँटलचं एक उत्तम स्थितीतलं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर्सना विकलं गेलं. आमच्यासारख्यांना परवडणारं, कोपरे झिजलेलं, घडी पडलेलं रॉबिन्सनही हजारो डॉलर्सच्या घरात जातं. बनावट माल करणारे अशाच ठिकाणी येतात.

विक्रेत्याशी ओळख ऑनलाइन झाली. बोलणं अतिशय सभ्य. आजोबा ब्रुकलिनचे, डॉजर्सच्या एबेट्स फील्ड या मैदानावर सामने बघायचे, त्यांच्या पश्चात घर आवरताना हे कार्ड सापडलं, आईने ग्रेडिंग करून घेतलं, आता भावंडांत वाटणी करायची आहे, अशी हकीकत त्याने सांगितली. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. चालू भावापेक्षा थोडी खाली, एवढंच. आजोबांची गोष्ट ऐकून नव्हे, तर या किमतीमुळे मला तो माणूस खरा वाटला. स्लॅबचा फोटो आला. मी नंबर टाकला. वर्ष १९५२, टॉप्स, जॅकी रॉबिन्सन, ३१२, ग्रेड २. सगळं जुळलं. नोंद जुनी असल्यामुळे तिच्यासोबत कार्डाचा फोटो नव्हता.

पैसे त्याने ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ या, म्हणजे ऑनलाइन पैसे पाठवताना ओळखीच्यांसाठी असलेल्या पर्यायाने मागितले. विक्रीची फी वाचेल, तेवढी रक्कम किमतीतून कमी करतो, असं म्हणाला आणि खरंच कमी केली. पार्सल पोस्टाने आलं, ट्रॅकिंग नंबरसह, जाड पुठ्ठ्यात नीट गुंडाळलेलं. मी त्याला आभाराचा निरोपही पाठवला. त्यानेही गोड उत्तर दिलं.

कार्डाचा विमा उतरवायचा होता. त्यासाठी अंदाजे किंमत विचारायला न्यू जर्सीतल्या एका कार्ड शोमध्ये स्लॅब घेऊन गेले. तिथल्या एका वयस्क व्यापाऱ्याने तो हातात घेतला आणि आधी कार्डाकडे बघितलंच नाही. स्लॅब आडवा धरून त्याची कड दिव्यासमोर फिरवली. ग्रेडिंग कंपन्या प्लास्टिकचे दोन भाग ध्वनिलहरींनी एकमेकांत वितळवून जोडतात, त्यामुळे कडेला सलग, एकसारखी रेघ दिसते. माझ्या स्लॅबच्या कडेला मधूनमधून चकाकणारे ठिपके होते. तो गोंद होता.

मग त्याने भिंग काढलं आणि मलाही बघायला दिलं. हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतः बघावं. १९५२ मध्ये खेळाडूचं चित्र रंगीत ठिपक्यांनी छापलं जायचं, पण नावाची अक्षरं आणि चौकटीच्या काळ्या रेघा वेगळ्या, सलग काळ्या शाईत असायच्या. कुणी अख्ख्या कार्डाचा स्कॅन करून पुन्हा छापलं, की चित्राबरोबर अक्षरांचेही ठिपके होतात. माझ्या कार्डावर ‘रॉबिन्सन’ या नावातलं एकेक अक्षर ठिपक्यांचं होतं. नुसत्या डोळ्यांना ते ठसठशीत काळं दिसतं.

घरी येऊन मी जुन्या लिलावांचे फोटो धुंडाळले आणि तोच नंबर असलेला खरा स्लॅब सापडला. त्यातल्या कार्डाचा डावा पांढरा समास रुंद, उजवा अगदी बारीक, खालच्या कोपऱ्यात स्पष्ट घडी. माझ्या कार्डाचे समास जवळजवळ सारखे आणि घडीचा पत्ताच नाही. म्हणजे वेबसाइटने मला खोटं काही सांगितलं नव्हतं. त्या नंबरचं कार्ड जगात आहे, एवढंच तिने सांगितलं होतं. ते दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात आहे. भामट्यांनी फोटोवरून नंबर उचलला, लेबल छापलं आणि बनावट स्लॅबमध्ये बनावट कार्ड घातलं. ग्रेडिंग कंपनीनेही हा स्लॅब आमचा नाही, असं लेखी कळवलं.

म्हणून महागडं जुनं कार्ड घेताना नंबरावर थांबू नका, त्या नंबरच्या खऱ्या कार्डाचा फोटो शोधा. सत्तर वर्षांच्या कार्डावरच्या घड्या, डाग आणि कमीजास्त समास दुसऱ्या कार्डावर तंतोतंत सापडत नाहीत. ग्रेड आणि रूप यांचा मेळ बसतो का तेही बघा. ग्रेड २ चं कार्ड दिसायला इतकं नेटकं असेल तर काहीतरी चुकतंय. फोटो सापडत नसेल तर कडेचे आणि अक्षरांचे जवळून काढलेले फोटो मागा. प्रामाणिक विक्रेता कुरकुर न करता ते पाठवतो, माझा आत्तापर्यंतचा अनुभव तरी असाच आहे.

स्लॅब नसलेलं, म्हणजे रॉ कार्ड घेणार असाल तर पट्टी जवळ ठेवा. टॉप्सने स्वतःच १९८३ मध्ये या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली. तिच्या मागे ‘रीप्रिंट’ असं छापलेलं आहे, पण लबाड लोक तेवढा भाग खरवडून टाकतात. आकार मात्र त्यांना बदलता येत नाही. मूळ कार्ड पावणेचार इंच उंच आहे, पुनर्मुद्रित साडेतीन इंच. १९०९ ते १९११ मधल्या तंबाखूच्या पाकिटांतल्या कार्डांसाठी अतिनील दिवा कामी येतो, कारण आजचा कागद त्याखाली निळसर पांढरा चमकतो आणि त्या काळचा चमकत नाही.

खऱ्या स्लॅबमधलं खरं कार्डही दरवेळी निर्दोष असतंच असं नाही. याच तंबाखूच्या कार्डांपैकी होनस वॅग्नर या खेळाडूचं सर्वांत प्रसिद्ध कार्ड पीएसए या ग्रेडिंग कंपनीने ग्रेड ८ देऊन गौरवलं होतं. लिलाव करणाऱ्या बिल मॅस्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं, की त्या कार्डाच्या कडा त्यानेच कापल्या होत्या. तज्ज्ञांच्या नजरेतूनही अशा गोष्टी सुटतात. लहान मुलांच्या हाती वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेलं असं खोटं कार्ड आलं तर त्यांना काय वाटेल, या विचाराने मला माझ्या नुकसानीपेक्षा जास्त राग येतो.

पैशांबाबत एकच नियम पाळा. अनोळखी विक्रेत्याला ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने किंवा झेल (Zelle) या थेट बँक खात्यात पैसे पाठवणाऱ्या सेवेने पैसे देऊ नका. तिथे ती खरेदी धरली जात नाही, त्यामुळे खरेदीदाराला मिळणारं संरक्षणही लागू होत नाही. फी आपण भरू, असं स्पष्ट सांगा आणि क्रेडिट कार्डाने किंवा खरेदीच्या पर्यायाने पैसे द्या. यावर समोरचा मागे सरला तर व्यवहार तिथेच सोडा.

मी विचारणा केल्यावर विक्रेत्याचं खातं नाहीसं झालं, फोन बंद झाला. मी स्थानिक पोलिसांत, एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्रात आणि पार्सल पोस्टाने आलं म्हणून टपाल तपास विभागातही तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. त्यानंतर तोच नंबर वेगळ्या नावाच्या खात्यावर पुन्हा विक्रीला लागलेला दिसला, तेव्हा तेही तक्रारीत जोडलं. ब्रुकलिनच्या आजोबांची हीच गोष्ट सांगत तुम्हाला कुणी १९५२ चं रॉबिन्सन देऊ केलं असेल, तर ते निरोप पुसू नका. स्क्रीनशॉट, स्लॅबचे फोटो, पार्सलवरचा पत्ता आणि ट्रॅकिंग नंबर जपून ठेवा आणि तुमची स्वतंत्र तक्रार नोंदवा, खरेदी झाली नसली तरीही.