कामदेव हरतो तेव्हा आणि जिंकतो तेव्हा

कवी हरिहराचे ‘गिरिजाकल्याण’ आणि अंडय्याचा ‘कब्बिगर काव’ ही दोन्ही कन्नड चंपूकाव्ये (गद्य-पद्य मिश्र काव्ये) शिव आणि कामदेव यांच्या संघर्षावर उभी आहेत. मात्र हंपीच्या विरूपाक्षाचा भक्त असलेला हरिहर मदनाला भस्म करून पार्वतीला तपश्चर्येला बसवतो, तर 13व्या शतकातील जैन कवी अंडय्या मदनालाच नायक करतो आणि शिवाने चंद्र पळवल्याच्या रागातून सोडलेल्या त्याच्या बाणांनी खुद्द शिवालाच अर्धनारी करून टाकतो, मग मदनाला शाप आणि विरह ओघाने आलेच. भाषेच्या बाबतीत अंडय्याची जिद्द अधिक मोठी, कारण संस्कृत तत्सम शब्द कटाक्षाने टाळून त्याने केवळ देशी व तद्भव शब्दांवर सारे काव्य पेलले. तरीही शृंगाराची खोली पाहायची, तर माझे झुकते माप हरिहरालाच आहे, कारण त्याच्याकडे रूपाने न साधलेले प्रेम तपाने साधते.